डावखुऱ्या लेकीच्या खांद्यावर कोणती रायफल?

वाचकहो, आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत अधूनमधून एक प्रश्न असतो. पत्र बहुधा आईचे असते. मुलगी कॉलेजात एन.सी.सी.ला आहे, शिस्तीची आहे, परेडला पहिल्या रांगेत आहे. पण फायरिंगच्या दिवशी सगळे बिघडते. मुलगी डावखुरी. उस्ताद सांगतात, रायफल उजव्या खांद्याला लाव. ती लावते, पण गोळ्या कागदभर विखुरतात आणि संघात निवड होत नाही. मग घरात चर्चा सुरू होते. हात बदलायला लावावा, की कर्ज काढून डावी रायफल घ्यावी? की नेमबाजी सोडून मुलीने आपला अभ्यास बरा म्हणावे?

एका मुलीची आवड आणि एका कामगार घराची शिल्लक, दोन्ही यात अडकलेली असल्याने या विषयावर थोडे सविस्तर लिहावे असे आम्हाला वाटले. रायफल म्हटले की आपल्याकडे पोलीस किंवा पलटण आठवते. पण नेमबाजी हा आता आपल्या महाराष्ट्राचा खेळ झाला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. अंजली भागवत यांच्या हाती पहिल्यांदा रायफल आली ती एन.सी.सी.मुळेच, आणि २००० साली सिडनीला त्या ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. तेव्हा फायरिंगच्या त्या एका दिवसावरून मुलीने हा खेळ सोडून देणे आम्हाला पटत नाही.

अडचण कुठे आहे, ते आधी समजून घेऊ. एन.सी.सी.त मुलांच्या हाती देतात ती .२२ बोअरची रायफल आणि ५० मीटरच्या स्पर्धेतली रायफल, दोन्ही बोल्ट अॅक्शनच्या. बोल्ट म्हणजे आपल्या दाराची आडवी कडीच समजा. कडीचा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, की रिकामे काडतूस बाहेर पडते. नवे काडतूस घालून कडी पुढे सारायची आणि दांडा खाली पाडायचा, की दार बंद. प्रत्येक गोळीला हे करावे लागते. ही कडी बसवलेली असते उजव्या बाजूला, कारण दहातली नऊ माणसे उजवी. उजवा नेमबाज डाव्या हाताने रायफल तोलतो आणि उजव्या हाताने चाप ओढून त्याच हाताने बोल्ट फिरवतो. डावखुऱ्याचा चापाचा हात मात्र रायफलीच्या डाव्या बाजूला आणि कडी पलीकडे. त्याला दोनच मार्ग उरतात. डावा हात साईटवरून पलीकडे न्यायचा, नाहीतर रायफल तोलणारा उजवा हात काढून त्याने बोल्ट फिरवायचा.

आपल्या बऱ्याच घरांत महार रेजिमेंटमधून पेन्शनीत आलेले आजोबा आहेत. त्यांचे मत ठरलेले असते.

"आजोबा, डाव्या खांद्याला लावली तर काय बिघडतं?"

"अगं बाय, पलटणीत असलं चालत नाही. बोल्ट उजवीकडं आहे ना? मग खांदा पण उजवाच. आमच्या तुकडीत दोघं-तिघं डावरे होते, सगळे उजवे झाले."

आजोबांचे म्हणणे त्यांच्या जागी बरोबर आहे. साठच्या दशकापर्यंत आपल्या सैन्याची मुख्य रायफल .३०३ ची होती. बोल्ट उजवीकडे, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. पोलिसांकडे तर ती पुढेही कित्येक वर्षे राहिली. लढाईत एकाची रायफल दुसऱ्याने उचलायची असते, गोळ्या पटापट झाडायच्या असतात, रांगेतल्या सगळ्यांची हालचाल एकसारखी लागते. तिथे एकाच बाजूची शिकवण सोयीची. खेळात मात्र रांग नसते आणि घाई नसते. तिथे रायफल माणसाच्या मापाची करून घ्यायची असते, शिंपी कापड बेततो तशी. पलटणीचा नियम खेळात आणला की नुकसान होते ते मुलीचे.

आधी डोळा बघा

आता मुख्य मुद्दा. पत्र लिहिणाऱ्या सगळ्या माता हाताबद्दल विचारतात, डोळ्याबद्दल कुणीच विचारत नाही. रायफलीचा खांदा ठरतो तो हातावरून नव्हे, डोळ्यावरून. माणसाला लिहिण्याचा एक हात असतो तसा पाहण्याचा एक डोळा असतो. दोन्ही डोळे उघडे असले तरी मेंदू एकाचेच अधिक ऐकतो. बहुतेकांचा तो डोळा उजवा असतो, पण ढोबळ मानाने तिघांत एकाचा डावा असतो. आणि हात व डोळा एकाच बाजूचे असतीलच असे नाही.

हे घरच्या घरी, पैसा न खर्चता कळते. मुलीने भिंतीवरच्या घड्याळापासून दहा-बारा फुटांवर उभे राहावे. दोन्ही हात समोर ताठ करावेत आणि पंजे एकमेकांवर असे धरावेत की अंगठ्यांच्या बेचक्यात रुपयाएवढे भोक राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून घड्याळ पाहावे. मग हात व डोके मुळीच न हलवता आधी एक डोळा मिटावा, नंतर दुसरा. ज्या डोळ्याने घड्याळ भोकातच राहते तो नेमाचा डोळा. दुसऱ्या डोळ्याने पाहताच घड्याळ नाहीसे होऊन भिंत दिसू लागेल. हे चार-पाच वेळा, वेगवेगळ्या दिवशी करून पाहावे. दर वेळी उत्तर बदलत असेल, तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. कधी एका डोळ्याला नंबर असतो आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. चष्मा लागला की उत्तर बदलू शकते. रायफलीच्या आधी चष्मा घेतलेला बरा, तो स्वस्तही पडतो.

डोळा डावा निघाला तर मुलीने रायफल डाव्या खांद्यालाच लावावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. रायफलीत गाल दस्त्यावर टेकलेला असतो आणि जो खांदा, त्याच बाजूचा डोळा साईटमागे येतो. उजव्या खांद्याला लावून डाव्या डोळ्याने नेम धरता येत नाही. मग मुलगी डावा डोळा गच्च मिटते, चेहरा आखडतो, उघडा डोळाही थकतो, आणि दहाव्या-पंधराव्या गोळीपासून कागदभर विखुरलेल्या भोकांची गोष्ट सुरू होते. पत्रांतल्या कित्येक मुलींचे दुखणे हेच असावे.

पण डोळा उजवा निघाला तर? मुलगी लिहिते डाव्या हाताने, जेवते डाव्या हाताने, पण पाहते उजव्या डोळ्याने. अशा मुली कमी नाहीत. त्यांनी मात्र उजव्या खांद्याचा मनापासून प्रयत्न करावा. चाप ओढण्याचे काम एका बोटाचे, ते बोट काही महिन्यांत शिकते. रायफल तोलणारा हात मग डावा, म्हणजे तिचा ताकदीचा, हा उलट फायदाच. शिवाय क्लबातली कोणतीही रायफल तिला चालते. आणि हीच गोष्ट उलट बाजूनेही खरी आहे. उजव्या हाताचा, पण डाव्या डोळ्याचा मुलगा असेल तर त्यानेही डाव्या खांद्याचा विचार करावा, मग घरच्यांना कितीही नवल वाटो.

कुणी म्हणेल, हंगेरीच्या कारोली ताकाच यांनी हात बदललाच ना? त्यांची कथा सांगण्यासारखी आहे. ताकाच सैन्यात सार्जंट होते. अधिकारी नाहीत म्हणून १९३६ च्या ऑलिंपिक संघात त्यांना घेतले नाही. नेमबाजी चांगली, पण हुद्दा लहान! १९३८ साली हातबाँब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ ला लंडनमध्ये व १९५२ ला हेलसिंकीत पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. धन्य तो माणूस. पण ते पिस्तूल होते. पिस्तूल हात लांब करून धरतात, तिथे कोणत्याही डोळ्याने नेम धरता येतो. आणि ताकाच यांचा हात गेला होता म्हणून त्यांनी बदलला. आपल्या मुलीचा डावा हात शाबूत असताना तिला तसे करायला लावण्याचे कारण काय?

इथे जाता जाता एक बोलून टाकतो. अजूनही काही घरांत मूल डाव्या हाताने घास घेऊ लागले की त्याच्या हातावर चापट बसते. एक हात पवित्र आणि एक अपवित्र, ही भाषा कुठून आली हे आपल्या घरांना तरी सांगायला नको. निदान आपल्या स्वयंपाकघरात ती नको.

दस्ता महत्त्वाचा की बोल्ट?

डावा खांदा ठरला, की लोक लगेच डाव्या बोल्टची रायफल शोधू लागतात. आमच्या मते आधी दस्ता पाहावा. दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला, गालाला आणि मुठीला लागणारा भाग. स्पर्धेच्या उजव्या रायफलीला गालाचा उंचवटा डाव्या बाजूला असतो, कारण उजव्या नेमबाजाचा गाल तिथे टेकतो. डावखुऱ्याचा गाल टेकतो उजव्या बाजूला. लाकडी दस्ता असेल तर तिथे उतरती कड असते, गालाला आधार मिळत नाही आणि डोके दर गोळीला नव्या जागी पडते. मुठीचेही तसेच. ती उजव्या तळव्याच्या आकाराची कोरलेली असते, डाव्या हाताने धरली की फुगवटा बोटांखाली येतो. असा दस्ता घेऊन वर्षभर सराव केला तरी मुलीच्या पदरी निराशाच येईल.

अॅल्युमिनियमच्या नव्या दस्त्यांचे गालपट, मागची पट्टी आणि मूठ स्क्रूने हलवता येतात. अनेक प्रकारांत गालपट उलट्या बाजूला सरकवता येते आणि डाव्या हाताची मूठ वेगळी विकत मिळते. क्लबात अशी रायफल असेल तर बोल्ट उजवीकडे असूनही तिच्यावर सुरुवात करायला हरकत नाही.

दस्ता बसतो की नाही, हे पाहण्याची रीत सोपी आहे. मुलीने डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल आरामात टेकवावा, मगच डोळे उघडावेत. डोळा आपोआप साईटच्या मध्यावर आला तर माप जमले. मान लांबवावी लागली, गाल दाबावा लागला किंवा डोके वाकडे झाले तर गालपट वरखाली करायला सांगावे. लांबीचे मापही पाहावे. कोपराच्या आतल्या घडीला दस्त्याचे टोक लावले की तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोहोचायला हवे. पुरुषांच्या मापाच्या रायफली मुलींच्या हाती देण्याची आपल्याकडे वाईट सवय आहे, आणि त्यात डावखुरेपण मिळाले की दुहेरी त्रास.

आता बोल्ट. तो किती नडतो, हे मुलगी कोणत्या पवित्र्यात नेम धरते यावर आहे. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत साठ गोळ्या असतात. आधी गुडघ्यावर बसून वीस, मग पालथे पडून वीस, मग उभ्याने वीस. लक्ष्य ५० मीटरवर, आणि दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढे.

उभ्याने नेम धरताना बोल्टची बाजू फारशी नडत नाही. प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली घेऊन स्टँडवर टेकवायची असते. तेव्हा बोल्ट कोणत्याही हाताने फिरवा, काय फरक पडतो? पालथे पडून मात्र फार फरक पडतो. तिथे रायफल खांद्यावरून हलवायचीच नसते. तोलणाऱ्या दंडाला पट्टा अडकवलेला असतो, कोपर चटईवर रोवलेले असते, आणि तो हात सुटला की सगळी बैठक मोडते. डाव्या बोल्टची रायफल असेल तर मुलीचा उजवा हात पट्ट्यात जागेवर राहतो आणि डावा हात चापावरून दोन इंच सरकून बोल्ट उघडतो. उजव्या बोल्टच्या रायफलीवर तिला डावा हात साईटवरून पलीकडे न्यावा लागतो. गाल उचलला जातो, खांद्यातला दस्ता सरकतो, आणि हे वीस वेळा. दर वेळी सगळे पुन्हा जागेवर आणायचे. अशा मुलीचा एखादा गुण गेला तर तिला "लक्ष देत नाहीस" म्हणून रागावू नये. गुडघ्यावरच्या बैठकीत त्रास या दोहोंच्या मधला.

आणखी एक गोष्ट डोळ्यांच्या काळजीची. उजव्या रायफलीचे काडतूस बाहेर पडण्याचे तोंड उजवीकडे असते. डावखुऱ्याचा चेहरा नेमका त्याच बाजूला. एखादे काडतूस सदोष निघून फाटले तर गरम वायू तोंडाकडे येऊ शकतो. असे क्वचितच घडते, पण डावखुऱ्याने उजव्या रायफलीवर सराव करताना संरक्षक चष्मा लावल्याशिवाय बसू नये. एन.सी.सी.च्या मुलांनीही हे लक्षात ठेवावे.

पैशाचा हिशेब

जर्मनीच्या अॅन्शुट्झसारख्या कंपन्या स्पर्धेच्या रायफली डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बनवतात. पण आयात केलेली अशी नवी रायफल काही लाखांत जाते, आणि परदेशातून शस्त्र आणण्याची परवानगी ठराविक पात्रता मिळवलेल्या नेमबाजांनाच मिळते. आपल्याकडे सरकारी आयुध कारखान्याची .३१५ बोअरची रायफल लायसनवर मिळते. तिचाही बोल्ट उजवीकडेच, आणि ती या खेळाची रायफल नव्हे. स्वस्त आहे म्हणून कुणी तिच्या मागे लागू नये.

म्हणून आमचा सल्ला असा की पहिली दोन वर्षे रायफल विकत घेऊच नये. मुलीने १० मीटरच्या एअर रायफलपासून सुरुवात करावी. छऱ्याच्या या रायफलीला बोल्टचे असे दुखणे नाही. नळी मोडून छर्रा भरायच्या साध्या देशी रायफली तर दोन्ही खांद्यांना सारख्याच. जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक देतात ती याच जातीची. (मुलगी कोणता खांदा आपणहून निवडते हे पाहायचे तर जत्रेतला फुगेवाला हा उत्तम परीक्षक.) स्पर्धेच्या एअर रायफलींपैकी काहींचा भरण्याचा खटका हव्या त्या बाजूला बसवता येतो आणि मूठ तेवढी डावी घ्यावी लागते. गाल, खांदा, श्वास, चाप, हे सगळे शिक्षण इथेच होते आणि पुढे .२२ ला जसेच्या तसे कामी येते. साध्या ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलला बंदुकीसारखे लायसन लागत नाही, हाही मोठा दिलासा.

त्यानंतर क्लबाची .२२ वापरावी. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला क्रीडानगरी आहे, जिल्ह्यांतूनही क्लब आहेत. फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा, डावखुऱ्या मुलीला बसेल असा दस्ता तुमच्याकडे आहे का? "आमच्याकडे सगळे उजवेच शिकतात" असे उत्तर आले तर दुसरा क्लब पाहावा. मुलीने राज्य स्पर्धा गाठली, तेजस्विनी आणि स्वप्नील ज्या वाटेने गेले त्या वाटेवर मावळणकर स्पर्धेपर्यंत पोहोचली, की मग स्वतःच्या रायफलीचा विचार. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर यांच्या नावाची ही स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेचे दार समजली जाते.

स्वतःची घ्यायची वेळ आली तर आधी जुनी डावी रायफल शोधावी. डाव्या रायफलीला गिऱ्हाईक कमी. एखादा डावखुरा नेमबाज खेळ सोडतो तेव्हा त्याची रायफल बराच काळ पडून राहते आणि विकणारा भावात नमते घेतो. विकताना हीच गोष्ट आपल्यावर उलटते, हेही ध्यानात ठेवावे. तोवर पैसे जमतील तसे आधी डावा दस्ता किंवा डावी मूठ घ्यावी, बोल्टसाठी थांबावे. पण कुणी कारागीर "उजव्याचा बोल्ट डावीकडे करून देतो" म्हणाला तर त्याच्या वाऱ्याला उभे राहू नये. दांड्याची खाच मूळ पोलादातच कापलेली असते. त्यात फेरफार करणे धोक्याचे आहे आणि परवानाधारक नसलेल्याने करणे गुन्हा आहे.

कायद्याचे दोन शब्द. .२२ ची रायफल बाळगायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे लायसन लागते. शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. स्वतःचे शस्त्र घ्यायला वयाची २१ वर्षे पूर्ण लागतात. त्याआधी खेळाडू मुलांना सरावाची मुभा आहे, ती नियमांनुसार आणि देखरेखीखाली. जुनी रायफल घेतानाही लायसनवर नोंद झाल्याशिवाय ती हातात घेऊ नये, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

आणि घर एका खोलीचे असेल, लहान भावंडे असतील, तर रायफल घरी आणूच नये. क्लबाच्या शस्त्रागारात ठेवण्याची सोय विचारावी. ठेवावीच लागली तर बोल्ट काढून वेगळा, काडतुसे वेगळी, आणि दोन्हींना कुलपे वेगळी. घरी गोळीशिवाय सराव करायचा असल्यास प्रशिक्षकांना विचारूनच करावा. .२२ च्या साध्या रायफलीचा चाप रिकाम्या चेंबरवर वारंवार ओढला तर आतली पिन चेंबरच्या कडेवर आदळून ती खराब होऊ शकते.

रायफलीबरोबरचे कपडेही डावे-उजवे असतात, हे पुष्कळांना पैसे दिल्यावर कळते. नेमबाजीच्या जाकिटाला पट्टा अडकवायचा हूक एकाच बाहीवर असतो, आणि दस्ता टेकतो त्या खांद्याला अस्तर असते. डावखुरीला हूक उजव्या बाहीवर आणि अस्तर डाव्या खांद्यावर हवे. हातमोजा तोलणाऱ्या हाताला, म्हणजे तिच्या उजव्या हाताला लागतो. तो जोडीने नव्हे, एकच मिळतो, तेव्हा मागवताना कोणता हात ते स्पष्ट लिहावे. गुडघ्यावर बसताना पायाखाली घ्यायची गुंडाळी मात्र कोणत्याही पायाला चालते.

रेंजवरच्या जागेचेही पाहावे लागते. पालथे पडताना उजव्या नेमबाजाचे पाय किंचित डावीकडे जातात आणि डावखुऱ्याचे उजवीकडे. डावखुरी मुलगी रांगेच्या मध्ये आली की तिचे पाय उजवीकडच्या शेजाऱ्याच्या पायांत जातात, दोघांचीही बैठक बिघडते आणि बोलणी तिलाच बसतात. म्हणून सरावाला गेल्यावर रेंजवरच्या अधिकाऱ्यांना आधीच सांगावे, "सर, मी डावखुरी आहे, मला उजव्या टोकाची जागा द्या." तिथे पाय पसरायला मोकळी जागा असते आणि डावीकडच्या शेजाऱ्याचे पाय पलीकडे वळलेले असतात. उभ्याने मात्र तिचे तोंड शेजाऱ्याच्या तोंडासमोर येईल, त्याला इलाज नाही. दोघींनी एकमेकींकडे न पाहता लक्ष्याकडे पाहावे.